चूक समोरच्याची, मग माझा बोनस का जावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी हायवेवरून येऊन तावडे हॉटेलजवळ कोल्हापूर शहरात वळत होता. पुढच्या गाड्या थांबल्या म्हणून तुम्ही थांबलात आणि मागून टेम्पोनं ठोकरलं. डिकी आत गेली, मागची काच फुटली, बंपर तुटला. वहिनींच्या मानेला हिसका बसला, त्या अजून पट्टा लावून आहेत. ड्रायव्हर जागेवर पाच हजार द्यायला तयार होता, तुम्ही घेतले नाहीत. फोटो काढलेत, नंबर टिपलात, पण पोलिसांत गेला नाहीत. गॅरेजवाल्यानं ४८,००० चं एस्टिमेट दिलंय. एजंट म्हणतो, स्वतःच्या पॉलिसीतून घ्या. तसं केलं की ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, जाणार. म्हणून तुम्ही विचारता, चूक त्याची, तर पैसे त्याच्या कंपनीनं का देऊ नयेत?

बावीस वर्षं मी कोल्हापूर आणि आजूबाजूच्या भागात मोटार सर्व्हेयर म्हणून, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजायला, गाड्या बघतोय. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कानावर येतो आणि विचारणाऱ्याचा राग रास्त असतो. पण या रागापायी माणसं सहा-सहा महिने गाडी गॅरेजच्या दारात सडवतात. वरून पाणी गळतं, सीट कुजतात, बॅटरी जाते, आणि वाट ज्याची बघतात तो चेक काही येत नाही. म्हणून आधी सांगतो. गाडी तुमच्या पॉलिसीतून दुरुस्त करून घ्या, आणि टेम्पोवाल्याची चूक कागदावर आणायचं काम वेगळं, पण आजच सुरू करा. या दोन वाटा आहेत. एकीची वाट बघत दुसरी अडवून ठेवायची नाही.

असं का, ते समजून घ्या. तुमच्या कंपनीशी तुमचा करार आहे: गाडीचं अपघातात नुकसान झालं तर ती भरून देणार. चूक कोणाची हा प्रश्न त्या करारात नाही. म्हणून पैसे लवकर मिळतात, आणि म्हणूनच चूक नसतानाही बोनस जातो. बोनसचा अर्थ ‘तुम्ही चांगली गाडी चालवली’ असा नाही, ‘तुम्ही क्लेम घेतला नाही’ एवढाच आहे. टेम्पोच्या कंपनीचा करार टेम्पोच्या मालकाशी आहे, तुमच्याशी नाही. मालकावर कायद्यानं जी देणी येतील ती ती कंपनी भरणार. ती देणी ठरवतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे कसबा बावड्यातलं न्यायसंकुल. तिथं निकाल किंवा तडजोड होईपर्यंत त्या कंपनीच्या शाखेत खेटे घालून काही हाती लागत नाही. तिथला माणूस उद्धट नसतो. त्याच्याकडे तुम्हाला पैसे द्यायला कागदच नसतो.

आता बोनसचा हिशोब प्रामाणिकपणे मांडू, कारण सगळे इथेच अडतात. समजा बोनस धरायच्या आधी तुमच्या गाडीचा ओडी प्रीमियम, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम, ९,००० आहे आणि तो तसाच राहतो. बोनसची शिडी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी आहे. क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही ४५ वर जाता, ४,९५० भरता. घेतला तर शून्यावर येता, ९,००० भरता. फरक ४,०५०. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, फरक २,७००. मग २,२५०, मग १,३५०, शेवटी ४५०, आणि दोन्ही शिड्या एका पायरीवर येतात. पाच वर्षांची बेरीज १०,८००, वर त्यावरचा कर. बोनस ‘गेला’ म्हणताना माणसाच्या डोळ्यांपुढे केवढा तरी आकडा असतो. कागदावर तो एवढाच निघतो.

दुसऱ्या पारड्यात काय पडतं? तुमची गाडी साडेतीन वर्षांची, झिरो डेप, म्हणजे जुनेपणाची कपात (घसारा) न करणारं कव्हर, घेतलेलं नाही. ४८,००० चं एस्टिमेट साधारण असं मोडतं: बंपर ६,०००, टेललॅम्प ५,०००, डिकीचं दार १४,०००, मागचं पॅनल ५,०००, काच ४,०००, डेंटिंग-फिटिंगची मजुरी ५,०००, पेंटिंग ९,०००. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा जातो, म्हणून बंपर आणि लॅम्पचे ५,५००. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के घसारा, म्हणून दार आणि पॅनलचे १४,२५०. काचेवर घसारा नाही, पूर्ण ४,०००. मजुरी पूर्ण. पेंटिंगमध्ये पाव भाग मटेरियल धरतात आणि त्याचं निम्मं कापतात, म्हणजे ७,८७५ मिळतात. एकूण ३६,६२५. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,०००. हातात ३५,६२५. खिशातून १२,३७५.

म्हणजे ३५ हजारांच्या समोर पावणेअकरा हजारांचा बोनस. इथे क्लेम घ्यायचाच. नुकसान बारा-पंधरा हजारांचं असतं तर मी उलट सांगितलं असतं: घसारा आणि वजावट जाऊन सात-आठ हजार हातात पडतील, त्यासाठी बोनस घालवू नका. हा हिशोब दर वेळी स्वतःच्या आकड्यांवर करायचा. एजंटचं ऐकून नाही आणि रागातही नाही.

तर आज पहिलं काम म्हणजे तुमच्या कंपनीला कळवणं. आठ दिवस झालेत, उशीर का झाला ते एका ओळीत खरं लिहा: घरच्यांचे उपचार चालू होते. टोल फ्री नंबरवर फोन करा आणि ईमेलही करा, क्लेम नंबर लिहून घ्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय द्यायचा. उशीर होऊ लागला की हे आकडे ईमेलमध्ये लिहा, फरक पडतो.

सर्व्हे होईपर्यंत गाडीचे भाग खोलू नका आणि गाडी चालवूही नका. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान तुमच्या माथी, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. टो करून न्या. साध्या पॉलिसीत टोइंगचे १,५०० पर्यंत मिळतात, पावती ठेवा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला सतावते आहे. एस्टिमेट ४८,००० चं आहे आणि ५०,००० च्या आतल्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेयर सक्तीचा नाही. कंपनी म्हणेल, मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. मागून बसलेल्या माराला व्हिडिओ पुरत नाही. डिकी उघडा, चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि त्या खड्ड्याच्या कडांवरून बोटं फिरवा. पत्रा जिथे सपाट हवा तिथे पन्हाळीसारखी लाट लागली, सीलंटला केसाएवढी चीर दिसली, तर मार आत पोचलाय. मग मागच्या दोन्ही दारांच्या फटी बघा. एका बाजूला करंगळी जाते आणि दुसऱ्या बाजूला नख जात नाही, तर बॉडी सरकली आहे. असं काही दिसलं तर लेखी कळवा की गाडी उघडल्यावर पुन्हा पाहणी हवी. गॅरेजवाल्याला सांगून ठेवा, आतलं जास्तीचं नुकसान निघालं की काम थांबवून पुरवणी एस्टिमेट द्यायचं. जुना भाग फेकला आणि मग मागणी केली, तर माझ्यासारख्यानं मनात असूनही काय लिहायचं?

याच कारणासाठी पाच हजार नाकारलेत ते फार बरं केलंत. कागलकडच्या एका शिक्षकांची गाडी मी पाहिली होती. मागून पिकअप लागला, चार लोक जमले, त्यांनी दहा हजार घेऊन कागदावर सही केली: ‘माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही.’ गाडी उघडली तर चासीचा मागचा भाग वाकलेला. खर्च साठ हजारांच्या पुढे गेला. पिकअपवाल्यावर दावा करायला गेले तर तो कागद आडवा आला. स्वतःच्या कंपनीनंही विचारलं, ज्याच्याकडून आम्ही वसूल करायचं त्याला तुम्ही मोकळं का सोडलं? कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा टेम्पोवाल्याकडून ते वसूल करायचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क रस्त्यावरच्या सहीनं विकायचा नसतो.

आता दुसरी वाट. आठ दिवस झाले, आता पोलीस काय लिहून घेणार, असं तुम्हाला वाटत असेल. तरी जा, आणि आजच जा. वहिनींना इजा झाली आहे, त्यामुळे हा नुसता पत्र्याचा मामला राहिलेला नाही. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याला कलम २८१ आहे आणि त्यातून इजा झाल्यास १२५. हायवे आणि शहर जिथे मिळतात तिथे हद्दीवरून टोलवाटोलवी होऊ शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नाहीच घेतली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतो. जबाबात उशिराचं कारण, वेळ, ठिकाण, टेम्पोचा नंबर आणि ‘माझी गाडी पूर्ण थांबलेली होती’ हे वाक्य आलंच पाहिजे. हेच शब्द तुमच्या क्लेम फॉर्ममध्येही आले पाहिजेत. पोलिसांकडे ‘थांबलो होतो’ आणि फॉर्मवर ‘हळू चालवत होतो’, एवढ्या फरकावर वकील अर्धा तास उलटतपासणी घेतात.

तारखेचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे. टेम्पोच्या पुढच्या लोखंडी गार्डला तुमच्या गाडीचा रंग लागलेला असतो. नखाएवढा डाग असला तरी थराच्या उंचीवरून आणि रंगावरून धडक कशी झाली ते कळतं. मालकानं गार्डवर ब्रश फिरवला की तो साक्षीदार गेला. पोलिसांनी गाडी तपासायला बोलावली तरच तो डाग कागदावर येतो.

वहिनींना आजच पुन्हा डॉक्टरांकडे न्या, सीपीआर सरकारी रुग्णालयात किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे. केसपेपरवर ‘रस्ता अपघात’ हे शब्द आणि अपघाताची तारीख हवी. आपली माणसं डॉक्टरला सांगतात, मान आखडली आहे. डॉक्टरही तेवढंच लिहितात. सहा महिन्यांनी त्या कागदाला काडीची किंमत राहत नाही. एक्स-रे, फिजिओथेरपी, औषधं, रजा पडली तर रजेचा दाखला, सगळं एका पिशवीत ठेवा.

सहा महिने हा आकडा उगाच घेतला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, असा बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. जुनी माणसं ‘मुदत नसते’ म्हणतात, त्यांचं ऐकू नका. त्याच दिवसापासूनच्या नियमांत पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का याची चौकशी ठाण्यात तुम्हीच करत राहा. अर्ज जिथे अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. टेम्पो बेळगावचा असो की केरळचा, तुम्हाला कोल्हापूर सोडायची गरज नाही.

त्या अर्जात वहिनींच्या इजेची भरपाई मागता येते आणि गाडीच्या नुकसानीचा जो भाग तुमच्या कंपनीनं दिला नाही तोही मांडता येतो. तुमच्या उदाहरणात ते १२,३७५. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, म्हणून ३५,६२५ ची मागणी पुन्हा करू नका. वरच्या फरकावरही समोरचा वकील हरकत घेतो, ‘पूर्ण आणि अंतिम म्हणून पैसे घेतलेत की.’ म्हणून स्वतःच्या कंपनीच्या व्हाउचरवर सही करण्याआधी वाचा आणि घसाऱ्याची रक्कम टेम्पोवाल्याकडून मागायचा हक्क राखून ठेवतोय, असं ईमेलनं कळवा. खरं सांगायचं तर नुसत्या बारा हजारांसाठी मी कोणाला न्यायाधिकरणात पाठवत नाही. तुमच्याकडे इजेचा दावा आहे, त्याच्यासोबत ते जातात. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणं तडजोडीनं लवकर सुटतात. निकाल पटला नाही आणि वादातली रक्कम लाखाच्या वर असली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यानं त्यासाठी आता मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

टेम्पोचा विमा आहे का ते एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून आजच बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा, अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का ते त्यावरून कळतं. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतची जबाबदारी असते, तुमचा पत्रा त्यात आरामात बसतो. विमा नसेल तर मालक स्वतः देणेकरी. निकालानंतरही देत नसेल तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

इतरांसाठी थोडं विषयांतर करतो, कारण उसाचा हंगाम आला की माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांची तऱ्हाच बदलते. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि मोटारसायकल किंवा कार सरळ उसात. लोक म्हणतात, मागून धडकला तोच चुकीचा. तसं नसतं. अंधारात दिवा-खुणेविना वाहन उभं करणं हाही निष्काळजीपणाच, न्यायाधिकरण दोघांत वाटणी करतं. पण ट्रॉलीला दिवा नव्हता हे सिद्ध करणारा फोटो त्याच रात्रीचा हवा. सकाळी कोणीतरी रेडियम चिकटवून जातो. दुसरं, ट्रॉलीवर नंबर बहुतेक वेळा नसतोच. चालत पुढे जा आणि ट्रॅक्टरच्या समोरचा नंबर घ्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंद आणि विमा वेगळा असतो. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचा असेलच असं धरू नका.

धडक देऊन वाहन पळून गेलं तर वेगळी सरकारी योजना आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. गाडीच्या नुकसानीला त्यात काही नाही, तिथे तुमची स्वतःची पॉलिसीच. जखमींसाठी मे २०२५ पासून दीड लाखापर्यंतचे सात दिवसांचे कॅशलेस उपचारही आहेत, ११२ वर फोन करताना ते लक्षात असू द्या.

तुमची स्वतःची कंपनी अडवणूक करू लागली तर आधी तिच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, एका वर्षाच्या आत जायचं. पण हे दार फक्त तुमच्या कंपनीसाठी आहे. टेम्पोच्या कंपनीविरुद्ध लोकपालही नाही आणि ग्राहक आयोगही नाही, कारण तुम्ही तिचे ग्राहक नाही.

पोलिसांचं बोलावणं गेलं की टेम्पोवाल्याचा फोन येईल, बहुधा मध्यस्थ घेऊन, आणि या वेळी रक्कम पंधरा हजार असेल. त्याच्याशी नीट बोला, तोही पोटासाठी गाडी चालवतो. घसाऱ्याचे आणि बोनसचे पैसे तो देत असेल तर बँकेतून घ्या. पावतीवर एवढंच लिहा: ‘विमा कंपनीने न दिलेल्या दुरुस्ती खर्चापोटी.’ तक्रार नाही, पुढे मागणार नाही, यातला एकही शब्द नको. आणि वहिनींच्या मानेचं बोलणं तो काढील तेव्हा सांगा, डॉक्टरांनी पट्टा काढल्याशिवाय त्याबद्दल बोलणार नाही.